देवमाशांच्या वजनाचे आकडे पुस्तकागणिक वेगळे का, आणि शाळेच्या तक्त्यावर कोणते लिहावेत?

प्रश्न: शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या वर्गाने देवमाशांच्या निरनिराळ्या जातींची वजने दाखवणारा मोठा तक्ता करायला घेतला आहे. मुलांनी मराठी, कन्नड आणि इंग्रजी पुस्तके चाळून आकडे गोळा केले आणि तिथेच काम अडले. निळ्या देवमाशाचे वजन एका ठिकाणी १०० टन आहे, दुसऱ्या ठिकाणी १५०, तिसऱ्या ठिकाणी १९० आणि इंटरनेटवर सर्रास २०० टन. स्पर्म व्हेलच्या बाबतीत तर १५ टनांपासून ५७ टनांपर्यंत सगळे आकडे मिळाले. मुलांचे म्हणणे असे की यांतला एकच बरोबर असणार आणि बाकीचे चूक असणार. मला मात्र गोष्ट इतकी सरळ वाटत नाही.

त्यातच एका मुलीने विचारले की एवढ्या मोठ्या प्राण्याला काट्यावर चढवले कोणी. या प्रश्नाचे नेमके उत्तर मला तिला द्यायचे आहे. शिवाय आपल्यापासून समुद्र काही फार लांब नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा आणि आंबोली उतरली की वेंगुर्ला-मालवण. तेव्हा या किनाऱ्यासमोर कोणत्या जाती येतात आणि त्यांची वजने किती, हेही तक्त्यावर यावे अशी इच्छा आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: प्राणिशास्त्र, टिळकवाडी

बाई, नमस्कार. मी बेळगावात पदवीच्या वर्गांना अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आहे. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मुळाला हात घालणारा आहे, म्हणून आधी त्याकडेच वळतो.

पूर्ण वाढ झालेला निळा देवमासा जिवंतपणी कोणीही काट्यावर चढवलेला नाही. आपल्याकडे असलेली प्रत्यक्ष वजने विसाव्या शतकातील देवमाशांच्या शिकारीतून आली आहेत. १९२५ च्या सुमारास अशी कारखाना-जहाजे आली, ज्यांच्या मागच्या बाजूला उतार केलेला असे आणि मेलेला देवमासा त्या उतारावरून थेट डेकवर ओढून घेता येई. तिथे माणसे लांब दांड्याच्या सुऱ्यांनी आधी कातडीखालच्या चरबीचे पट्टे सोलून काढीत, मग मांस, हाडे, जीभ आणि आतडी वेगळी करीत. एरवी हा सगळा माल थेट तेलाच्या कढयांमध्ये जाई. परंतु काही मोजक्या प्रसंगी संशोधकांच्या आग्रहाने प्रत्येक तुकडा तोलला गेला, किंवा किती कढया भरल्या यावरून वजन काढले गेले, आणि त्या तुकड्यांची बेरीज म्हणजे त्या प्राण्याचे वजन मानले गेले. लाखो देवमासे मारले गेले, पण त्यांतून संपूर्ण तोलले गेलेले फारच थोडे, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

अशा तोललेल्या प्राण्यांपैकी सर्वांत जड म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ती मार्च १९४७ मध्ये दक्षिण महासागरात सोव्हिएत ताफ्याने मारलेली एक मादी होती. तिची लांबी २७.६ मीटर आणि वजन १९० टन नोंदले गेले. म्हणजे आपल्या मुलांना सापडलेला १९० हा आकडा खरा आहे, परंतु तो एका विशिष्ट प्राण्याचा आणि टोकाचा आकडा आहे. अंटार्क्टिकाच्या बाजूची पूर्ण वाढलेली निळी देवमाशीण सामान्यतः १०० ते १५० टनांच्या दरम्यान असते, आणि नर तिच्यापेक्षा काहीसा लहान असतो. हिंदी महासागरात आढळणारा निळ्या देवमाशाचा ठेंगणा उपप्रकार साधारण २४ मीटरपर्यंतच वाढतो आणि त्याचे वजन ९० टनांच्या आसपास थांबते. हे तिन्ही आकडे एकाच जातीचे आहेत. तेव्हा १००, १५० आणि १९० यांत भांडण नाही. प्रत्येक आकडा कोणत्या प्राण्याबद्दल बोलतो, एवढेच लिहायचे राहून गेले आहे.

आता इतर जाती. लांबीत दुसरा क्रमांक फिन व्हेलचा. ती २७ मीटरपर्यंत जाऊ शकते, पण अंगाने सडपातळ असल्यामुळे तिचे वजन सहसा ४० ते ८० टनांत राहते. याउलट आर्क्टिकमधील बोहेड १४ ते १८ मीटर एवढीच लांब असूनही ७५ ते १०० टनांपर्यंत भरते, कारण तिचे शरीर पिंपासारखे गोल असून कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ अर्धा मीटर जाड असू शकतो. राइट व्हेलही याच ठेवणीच्या, ४० ते ८० टनांच्या, आणि उत्तर पॅसिफिकमधील काही १०० टनांच्या जवळ पोहोचणाऱ्या. मुलांचा तक्ता लांबीच्या क्रमाने लावला तर एक चित्र दिसेल आणि वजनाच्या क्रमाने लावला तर दुसरे. शक्य असल्यास दोन्ही करून घ्यावेत, असे मला मनापासून वाटते.

स्पर्म व्हेलमधील गोंधळ नर आणि मादी यांतील फरकामुळे आहे. नर सुमारे १६ मीटर लांब आणि ४० ते ४५ टनांचा, तर मादी सुमारे ११ मीटर आणि १४-१५ टनांची. मोठ्या देवमाशांत इतका फरक दुसऱ्या कोणत्याही जातीत नाही. ५७ टन हा आकडा फार मोठ्या नराचा आहे. या जातीत नर मोठा आणि निळ्या देवमाशासारख्या बिनदातांच्या जातींत मादी मोठी, हेही तक्त्यावर यायला हवे.

बाकीचे थोडक्यात सांगतो. हंपबॅक २५ ते ३० टन आणि क्वचित ४०, ग्रे व्हेल ३० ते ३५, सेई २० ते २५, मिंकी ५ ते १०. दातांऐवजी तोंडातल्या चाळणीने पाणी गाळून खाणाऱ्यांमध्ये सर्वांत लहान म्हणजे ठेंगणी राइट व्हेल, जेमतेम ३ ते साडेतीन टन. ओर्काचा नर साधारण ६ टनांचा, पण तो डॉल्फिनच्या कुळातला. बेलुगा आणि नारव्हाल दीड टनाच्या आत-बाहेर. आणि सगळ्यांत शेवटी ठेंगणी स्पर्म व्हेल आहे, जिच्या सर्वांत लहान प्रकाराची लांबी पावणेतीन मीटरच्या आत आणि वजन १३६ ते २७० किलो एवढेच असते. 'देवमासा' या एका शब्दाखाली दीडशे किलोपासून दीडशे टनांपर्यंत, म्हणजे हजारपट फरकाचे प्राणी येतात, हे मुलांना थक्क करणारे ठरेल.

उत्तर: काटा विभाग, चिकोडी

शिक्षिकाबाई आणि सर, दोघांनाही नमस्कार. मी सीमाभागातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लिपिक आहे. समुद्री प्राण्यांबद्दल माझे वाचन मर्यादित आहे, परंतु टन या शब्दाशी माझा रोजचा संबंध असल्यामुळे दोन मुद्दे मांडावेसे वाटतात.

पहिला मुद्दा असा की टन एक नाही, तीन आहेत. आपल्याकडचा मेट्रिक टन म्हणजे १००० किलो किंवा १० क्विंटल. ब्रिटिशांचा जुना टन म्हणजे सुमारे १०१६ किलो, आणि अमेरिकेत आजही चालणारा टन म्हणजे सुमारे ९०७ किलो. अमेरिकन पुस्तकात किंवा संकेतस्थळावर जे २०० टन लिहिलेले असते ते बहुतेक वेळा ४ लाख पौंडांवरून आलेले असते, आणि ४ लाख पौंड म्हणजे आपले सुमारे १८१ मेट्रिक टन. सरांनी सांगितलेले १९० मेट्रिक टन अमेरिकन टनांत मांडले तर २०९ होतात. मुलांनी इंटरनेटवरून घेतलेला २०० चा आकडा मला या रूपांतरातला वाटतो. आकडा लिहून घेताना एकक लिहून न घेणे ही काट्यावरची सर्वांत महागात पडणारी चूक आहे, म्हणून तक्त्याच्या मथळ्यातच 'मेट्रिक टन' असे स्पष्ट लिहावे.

दुसरा मुद्दा सरांना प्रश्न म्हणूनच विचारतो. तोडलेला ऊस गाडीत भरून दोन दिवस कारखान्याच्या आवारात उभा राहिला की तो वाळतो आणि काट्यावर वजन कमी भरते; शेतकऱ्याची तक्रार तिथूनच सुरू होते, आणि ती रास्तच असते. मग एवढा मोठा प्राणी कापून तुकड्यातुकड्याने तोलताना जे रक्त आणि पाणी डेकवरून समुद्रात वाहून गेले असेल, त्याचा हिशेब कोणी धरला होता का? धरला नसेल तर तुकड्यांची बेरीज म्हणजे पूर्ण वजन, असे म्हणता येणार नाही.

उत्तर: प्राणिशास्त्र, टिळकवाडी

काट्यावरच्या माणसालाच सुचावा असा प्रश्न आपण विचारला आहे. हो, तो हिशेब धरला जातो. कापताना गेलेल्या रक्त आणि द्रवांसाठी तुकड्यांच्या बेरजेत सहा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक भर घालण्याची पद्धत संशोधकांनी पाळली आहे. मात्र जुन्या नोंदींपैकी कोणत्या आकड्यात ही भर आधीच घातलेली आहे आणि कोणत्यात नाही, हे पाहूनच तुलना करावी लागते. १०० टनांच्या प्राण्यात सहा टक्के म्हणजे सहा टन, म्हणजे एका आफ्रिकन हत्तीएवढा फरक नुसत्या द्रवांचा. त्या तोलण्यांतून काही विलक्षण तपशीलही मिळाले; निळ्या देवमाशाची नुसती जीभ चार टनांपर्यंत भरलेली आहे. हृदयाबद्दल मात्र मोटारीएवढे असल्याच्या कथा पसरल्या होत्या. २०१४ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर सापडलेल्या निळ्या देवमाशाचे हृदय टोरंटोच्या रॉयल ओंटारियो संग्रहालयाने जतन केले, आणि त्याचे वजन सुमारे १८० किलो निघाले.

तोललेले प्राणी थोडे आणि लांबी मोजलेले प्राणी पुष्कळ, त्यामुळे बहुतेक पुस्तकांतील वजने लांबीवरून गणिताने काढलेली असतात. आपण दोघांनीही हे गणित मुलांकडून करून घेण्यासारखे आहे. शरीराची ठेवण तीच राहिली तर वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. निळ्या देवमाशात तर घनापेक्षा किंचित जास्तच. त्यामुळे २४ मीटरची देवमाशीण ९० टनांच्या आसपास असेल तर २७ मीटरची सुमारे १३० टनांची असते. लांबी फक्त तीन मीटरने वाढली आणि वजन चाळीस टनांनी! यावरून लांबी मोजण्यातली लहानशी चूकही वजनात किती फुगते, हे लक्षात येईल.

आणि लांबी मोजण्यात चुका होत्या, काही वेळा हेतुपुरस्सर. योग्य पद्धत म्हणजे जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत सरळ रेषेत माप घेणे. शिकारीच्या सुरुवातीच्या काळात पुष्कळ ठिकाणी अंगाच्या वळणावरून दोरी टाकून मापे घेतली जात, आणि अशी मापे खऱ्यापेक्षा मोठी येत. निळ्या देवमाशाची ३३ मीटर लांबी जिथे जिथे दिलेली असते, तिथे हा संशय बाळगावा. काळजीपूर्वक घेतलेली मापे ३० मीटरच्या आत राहतात. पुढे ठरावीक लांबीपेक्षा लहान प्राणी मारू नयेत असे आंतरराष्ट्रीय नियम आले, तेव्हा त्या मर्यादेच्या थोडे खाली भरणाऱ्या प्राण्यांची लांबी कागदावर वाढवून लिहिली जाऊ लागली. सोव्हिएत ताफ्यांच्या नोंदी तर मोठ्या प्रमाणावर खोट्या होत्या आणि खरे आकडे १९९० च्या दशकात तिथल्याच शास्त्रज्ञांनी उघड केले. आपल्या अरबी समुद्रातही १९६० च्या दशकात सोव्हिएत ताफ्यांनी बेकायदा शिकार केली होती. नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्यासमोर मारलेल्या हंपबॅकांची संख्या सुमारे २४० होती. अरबी समुद्रातील हंपबॅक तिथेच राहणारे, इतर कोणत्याही समुदायात न मिसळणारे असल्यामुळे तो घाव अजून भरून आलेला नाही. हे लिहिताना मला आजही वाईट वाटते.

वजनावरून त्या काळी देवमाशांचा सरकारी हिशेब कसा ठेवला जाई, हेही सांगून ठेवतो, कारण मुलांना ते समजायला सोपे जाईल. 'निळ्या देवमाशाचे एकक' असे एक माप होते. एक निळा बरोबर दोन फिन, बरोबर अडीच हंपबॅक, बरोबर सहा सेई, असे तेलाच्या उत्पन्नावरून ठरवलेले समीकरण. दुसऱ्या महायुद्धानंतर अंटार्क्टिकातील वार्षिक कोटा अशा १६,००० एककांचा ठरला. या पद्धतीत कोणती जात किती उरली आहे, हे पाहण्याची सोयच नव्हती. एका प्राण्यात जास्त तेल मिळते म्हणून सगळे ताफे आधी निळ्यांच्या मागे लागले, ते विरळ झाल्यावर फिनच्या आणि मग सेईच्या. निळ्या देवमाशाला १९६६ मध्ये संरक्षण मिळाले आणि ही एककाची पद्धत १९७२ मध्ये मोडीत निघाली.

आता कोणालाही न मारता वजन काढण्याकडे येतो. १९९७ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर ग्रे व्हेलचे एक अनाथ पिल्लू सापडले. तेव्हा ते सुमारे ७६० किलोचे होते. सॅन दिएगोतील एका सागरी उद्यानात त्याला वाढवून मार्च १९९८ मध्ये पुन्हा समुद्रात सोडले, तेव्हा त्याचे वजन ८ टनांहून अधिक झाले होते. मोठ्या कापडी झोळीत घालून क्रेनने उचलताना त्याला तोलता येत असे, म्हणून त्याच्या वाढीची नोंद मिळाली. एवढे सोडले तर मोठ्या जातींच्या बाबतीत आता ड्रोनवर भिस्त आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर देवमासा आला की वरून छायाचित्र घेतात, ड्रोनची उंची अचूक नोंदलेली असल्याने लांबी मिळते, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत ठरावीक अंतरांवर रुंदी मोजून शरीराचे घनफळ काढतात. अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पासमोरील राइट व्हेलवर असे काम करून २०१९ मध्ये संशोधकांनी घनफळावरून वजन काढण्याची रीत प्रसिद्ध केली.

या पद्धतीचा आणखी एक लाभ म्हणजे तोच प्राणी वर्षभरात किती बदलतो, हे दिसू लागले. थंड समुद्रात काही महिने भरपूर खायचे आणि उबदार समुद्रात पिल्लू वाढवताना जवळजवळ उपाशी राहायचे, असा अनेक जातींचा क्रम असतो. ऑस्ट्रेलियाजवळच्या राइट व्हेलच्या माता पिल्लाला पाजण्याच्या पहिल्या तीन महिन्यांत आपल्या शरीराचा सुमारे पाव हिस्सा गमावतात, असे ड्रोनच्या मोजणीतून दिसले. तेव्हा 'राइट व्हेलचे वजन किती' याला महिना विचारल्याशिवाय नेमके उत्तर देता येत नाही.

उत्तर: वाचक, निपाणी

सर, अतिशय उपयुक्त माहिती. एक शंका आहे. काही वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत छापून आले होते की पेरू देशात सापडलेला एक प्राचीन देवमासा निळ्या देवमाशापेक्षाही जड होता. मग तक्त्यावर सर्वांत जड प्राणी म्हणून निळ्या देवमाशाचे नाव लिहिणे योग्य ठरेल का? प्रदर्शनात परीक्षकांनी नेमके हेच विचारले, तर मुलांची पंचाईत होऊ नये.

उत्तर: प्राणिशास्त्र, टिळकवाडी

आपण ज्याबद्दल लिहिता तो पेरुसेटस कोलोसस. त्याचे वर्णन ऑगस्ट २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुमारे ३ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचे काही मणके, बरगड्या आणि कमरेच्या हाडाचा भाग मिळाला. कवटी मिळालेली नाही. हाडे असाधारण जाड आणि भरीव असल्यामुळे मूळ लेखकांनी वजनाचा अंदाज ८५ ते ३४० टन असा दिला, आणि बातम्यांनी त्यातला वरचा आकडा उचलला. २०२४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच गणित पुन्हा केले. हाडे जड आहेत म्हणून सगळे शरीरच त्या प्रमाणात जड होते, हे गृहीतक त्यांना मान्य झाले नाही. त्यांच्या मते १७ मीटर लांबीला वजन ६० ते ७० टन येते, आणि प्राणी २० मीटरचा धरला तरी ते ११४ टनांच्या आसपास राहते. ८५ ते ३४० एवढा रुंद पल्लाच सांगतो की हा अंदाज अर्धवट सांगाड्यावरून केलेला आहे. निळ्या देवमाशाचे वजन तुकडे तोलून मिळालेले आहे. मुलांनी 'प्रत्यक्ष तोललेल्या प्राण्यांत सर्वांत जड' असे लिहावे; ते वाक्य कोणत्याही परीक्षकापुढे टिकेल.

उत्तर: मूळचा बेळगावचा, सध्या कारवार

बाईंनी आपल्या बाजूच्या किनाऱ्याबद्दल विचारले होते, त्याचे उत्तर राहिले आहे. मी नोकरीनिमित्त कारवारला असतो आणि मासेमारी करणाऱ्या लोकांत माझी ऊठबस असते, म्हणून लिहितो.

गोवा, कारवार आणि सिंधुदुर्ग या पट्ट्यासमोर मोठ्या जातींपैकी ब्राइड्स व्हेल हीच अधिक दिसते. उष्ण समुद्र सोडून ती ध्रुवाकडे जात नाही. तिचे वजन सामान्यतः १२ ते २० टन आणि मोठी असल्यास २५ पर्यंत. निळा देवमासाही अरबी समुद्रात आहे, पण तो सरांनी सांगितलेल्या लहान चणीचा. २०१५ मध्ये सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासमोर निळे देवमासे पाहिल्याची नोंद झाली होती. हंपबॅकही येतात. ओमानजवळ उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवलेली 'लुबान' नावाची मादी २०१७ च्या अखेरीस अरबी समुद्र ओलांडून गोव्यासमोर आली आणि तिथून दक्षिणेकडे गेली, हे त्या यंत्रामुळेच कळले. स्पर्म व्हेल खोल पाण्यातली, किनाऱ्यावरून दिसणे अवघड. तिच्या आतड्यात तयार होणाऱ्या अंबरग्रीस या मेणासारख्या पदार्थाच्या तस्करीच्या बातम्या आपल्या भागातही येतात, त्यामुळे मुलांना हे नाव ठाऊक असेल. ते जवळ बाळगणे किंवा विकणे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, ही ओळ तक्त्यावर घातली तर बरे होईल.

२०१५ च्या जूनमध्ये अलिबागजवळ रेवदंड्याच्या किनाऱ्यावर ४२ फुटांचा निळा देवमासा जिवंत लागला होता आणि प्रयत्न करूनही तो वाचला नाही. ४२ फूट म्हणजे सुमारे १२.८ मीटर. सरांच्या घनाच्या नियमाने पाहिले तर तो १० ते १५ टनांच्या दरम्यानचा, अजून न वाढलेला प्राणी असणार. किनाऱ्यावर आलेल्या देवमाशाला पुन्हा पाण्यात ढकलणे इतके कठीण का असते, असे लोक विचारतात. पाण्यात असताना त्याचे सगळे वजन पाण्याने उचलून धरलेले असते. वाळूवर आल्याबरोबर ते त्याच्याच फुप्फुसांवर आणि स्नायूंवर पडते, श्वास घेणे जड जाते आणि चरबीच्या थरामुळे अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. शेपटीला दोर बांधून ओढले तर इतक्या वजनाने सांधे निखळतात, म्हणून जाणकार लोक भरतीची वाट पाहतात, अंग ओल्या कापडांनी झाकून ठेवतात आणि श्वासाचे भोक उघडे राहील, याकडे लक्ष देतात. असे काही दिसल्यास स्वतः प्रयत्न करण्याऐवजी वन विभागाला तातडीने कळवावे.

पुन्हा: शिक्षिका, खानापूर तालुका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज वर्गात मुलांनी नव्याने मांडणी सुरू केली आहे. प्रत्येक जातीपुढे नर की मादी, लांबी, मेट्रिक टनांत वजन, आणि ते तोललेले की गणिताने काढलेले, असे रकाने आखले आहेत. एका गटाने घनाचा नियम पडताळण्यासाठी मातीचे दोन देवमासे बनवायला घेतले आहेत, एक दुसऱ्याच्या दुप्पट लांब; दुपटीला आठपट वजन येते का, ते शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर पाहणार आहेत. एकच शंका उरली. मुलांना पिल्लांचाही रकाना हवा आहे. निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतः किती वजनाचे असते, आणि ते रोज किती वाढते?

उत्तर: प्राणिशास्त्र, टिळकवाडी

मातीच्या देवमाशांचा प्रयोग फार चांगला आहे. फक्त दोन्हींची ठेवण हुबेहूब सारखी ठेवावी, रुंदी आणि उंचीही दुप्पट, नाहीतर आठपट येणार नाही.

निळ्या देवमाशाचे पिल्लू जन्मतः सुमारे ७ मीटर लांब आणि अडीच ते तीन टनांचे असते. आईच्या दुधात चरबीचे प्रमाण ३५ ते ५० टक्के असते, आणि त्यावर ते दिवसाला ८० ते ९० किलोंनी वाढते. सहा-सात महिन्यांनी दूध तुटते तेव्हा ते १६ मीटरच्या आसपास पोहोचलेले असते. स्पर्म व्हेलचे पिल्लू जन्मतः सुमारे ४ मीटर आणि १ टन. पिल्लांच्या रकान्यात वजनाशेजारी वय महिन्यांत लिहावे, आणि रोजच्या वाढीचा आकडा फक्त दूध पिण्याच्या काळासाठी आहे, हेही तिथेच नमूद करावे.